अक्षरओळख

आमच्या घरात कुठलाही कागद आला की तो फिरत फिरत शेवटी माझ्या हातात येतो. विजेचे बिल असो, औषधाची चिठ्ठी असो, बँकेचे पत्र असो की गावाकडून आलेली सातबाऱ्याची नक्कल असो, आजी म्हणते, "बायला दाखवा, ती वाचील." आजीला स्वतःला अक्षरओळख नाही, ती अंगठा उठवते. आई चौथीपर्यंत शिकली, बाबा आठवीपर्यंत. ताईने दहावी केली आणि पुढच्याच वर्षी तिचे लग्न झाले. मी बारावी होऊन या कॉलेजात आले, तेव्हा आमच्या घराण्यातले कुणीतरी पहिल्यांदाच कॉलेजच्या पायऱ्या चढत होते. त्यामुळे मराठी कागद बाबाही वाचतात, पण इंग्रजी कागदावर हक्क माझा एकटीचा.

हा मान मला फार आवडे. खोटे कशाला सांगू? कागद हातात घेऊन क्षणभर गप्प राहायचे, कपाळाला आठी घालायची आणि मग त्यातला मजकूर मराठीत सांगायचा. सगळे कसे माझ्या तोंडाकडे बघत असतात! त्या क्षणी आपण द्वितीय वर्ष कला शाखेच्या नव्हे, तर एखाद्या हायकोर्टाच्या वकील आहोत असे वाटते. ज्या गोष्टीचा असा अभिमान बाळगला, त्याच गोष्टीने मला तोंडघशी पाडले. ती हकीगत लिहावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी असे वाटले की या अंकाचे वाचक माझ्यासारखेच असतील. घरात आलेला कागद ज्यांच्या हातात येतो असे. म्हणून लिहिते.

आम्ही भोईवाड्यात राहतो. आमच्या चाळीच्या गॅलरीतून पूर्वी गिरण्यांचे भोंगे ऐकू येत, असे आजी सांगते. माझे आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. आजीने त्या काळात खानावळ चालवली आणि दहा-बारा माणसे जेवू घालून घर सावरले. आता बाबा एका टॉवरमध्ये वॉचमन आहेत आणि आई पोळीभाजीचे डबे करते. चाळीतून बाहेर पडले की दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात के.ई.एम., टाटा, वाडिया अशी मोठमोठी इस्पितळे आहेत. त्यामुळे आमच्या रस्त्यांवर औषधांची दुकाने वाण्याच्या दुकानांहून अधिक असावीत. टाटाच्या फुटपाथवर बंगाल-बिहारकडून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बसलेले असतात. कॉलेजला जाताना त्यांच्यातले कुणीतरी हातातला कागद पुढे करून विचारते, "दीदी, ये किधर है?" मी कागद वाचते आणि वाट दाखवते. म्हणजे घरातला माझा मान रस्त्यावरही चालूच!

मे २०२५ मध्ये ताई माहेरपणाला आली. ती बदलापूरला राहते. तिच्याबरोबर तिचा मुलगा होता, अडीच वर्षांचा. तो मला 'माऊ' म्हणतो, कारण 'मावशी' त्याला म्हणता येत नाही. माय मरो आणि मावशी जगो, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती म्हण आता कुणी माझ्यासमोर म्हटली की मी विषय बदलते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी रात्री त्याला जुलाब सुरू झाले. उलटीही झाली. मे महिन्याचा उकाडा, दहा बाय बाराची खोली आणि त्यात ते रडणारे पोर. आजीने उठून गॅस पेटवला आणि म्हणाली, "मी पातळ पेज टाकते. मीठ घालून चमच्या-चमच्याने पाजू या त्याला. ताईलाही मी तशीच पाजली होती."

मी म्हटले, "आजी, पेजेने काय होतंय? आता औषध मिळतं त्याला. ओआरएस म्हणतात."

शाळेत आम्हाला ओआरएसचा धडा होता. जुलाब झाले की शरीरातले पाणी आणि क्षार जातात, ते भरून काढण्यासाठी ओआरएस द्यावे, हे मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. तेव्हा मी चपला घातल्या आणि रात्री उघड्या असणाऱ्या औषधाच्या दुकानाकडे धावले.

दुकानदाराने विचारले, "पॅकेट देऊ की रेडीमेड?"

पॅकेट म्हणजे लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळायची पावडर. रेडीमेड म्हणजे नळी लावलेले कागदी खोके, फ्रिजमधले थंडगार, सफरचंदाच्या चवीचे. खोक्यावर फळाचे चित्र होते आणि त्याच्या वर ठळक इंग्रजी अक्षरे होती. त्यांत ओ, आर आणि एस ही तीन अक्षरे अशी झळकत होती की बाकी काही डोळ्यांत भरूच नये. पोराला पावडरीचे खारट पाणी आवडणार नाही, हे मला माहीत होते. मी चार खोकी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी चार नेली.

त्याला ते इतके आवडले की तो एका दमात नळीने ओढू लागला. ताईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आजी मात्र पेजेचे पातेले घेऊन बसली होती. तिने पुन्हा विचारले, "गोड आहे गो हे. जुलाबात गोड चालतं?"

मी खोके तिच्या पुढे धरले आणि म्हटले, "आजी, तुला काय कळतंय? ह्याच्यावर लिहिलंय."

हे वाक्य मी जसेच्या तसे उच्चारले. त्यात एका शब्दाचा फेरफार करून लिहिण्याची मला सोय नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जुलाब थांबले तर नाहीतच, उलट वाढले. पोर मलूल झाले. त्याचे डोळे खोल गेले. ते रडत होते, पण डोळ्यांत पाणी येत नव्हते. आजीने त्याच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसेना. आजी एवढेच म्हणाली, "चला, न्या त्याला." बाबा ड्यूटीवर होते. ताई आणि मी त्याला उचलून जवळच्या इस्पितळात नेले. अंतर फार नव्हते. पण रस्ता ओलांडताना सिग्नल लागला, तेव्हा ताईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मला अजून दिसते. त्या नजरेत दोष नव्हता. 'तू शिकलेली आहेस ना, मग सांग आता काय होणार,' असा भाव होता.

तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी त्याला तपासले आणि सलाईन लावायला सांगितले. मग विचारले, "काय काय पाजलंत?"

मी पिशवीतून रिकामे खोके काढले. आपण निष्काळजी नाही, योग्य तेच केले, हे सिद्ध करण्यासाठी मी ते मुद्दाम बरोबर घेतले होते. मी म्हटले, "ओआरएस दिलं, मॅडम. आठ खोकी."

डॉक्टरबाईंनी खोके हातात घेतले, उलटे केले आणि पेनाचे टोक एका ओळीवर ठेवले. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तिथे इंग्रजीत लिहिले होते, त्याचा अर्थ असा : हे उत्पादन जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले ओआरएस नव्हे.

"इंग्रजी वाचता येतं?" त्यांनी विचारले.

"हो."

"कितवीला आहेस?"

"एस. वाय. बी. ए."

त्या यावर काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू पहिली नाहीस. हे असलं खोकं घेऊन पुष्कळ जण येतात. जुलाब यानेच वाढले असं मी म्हणणार नाही. ते असेही वाढले असते. पण त्याला जे मीठ हवं होतं ते यातून पुरेसं मिळालं नाही, आणि जी साखर नको होती ती भरपूर मिळाली."

ताई शेजारीच उभी होती. तिला इंग्रजीतली ती ओळ वाचता आली नाही, पण आमचे बोलणे तिला समजले. तिने एका शब्दाने मला विचारले नाही. ती पोराच्या पायाशी बसून त्याची बोटे चोळत राहिली.

तिसऱ्या दिवशी भाचा घरी आला. नर्सबाईंनी ताईला खरे ओआरएस कसे करायचे आणि घाई न करता चमच्या-चमच्याने कसे पाजायचे ते दाखवले. त्यांनी असेही सांगितले की ओआरएस हाताशी नसेल तर मीठ घातलेली पातळ पेजही चालते. तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होते.

पुढे कॉलेज सुरू झाले आणि मी लायब्ररीत बसून या ओआरएसची माहिती काढली. परीक्षेसाठी नव्हे, माझे नेमके काय चुकले ते समजून घेण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. सगळे मिळून साडेवीस ग्रॅम. यातले ग्लुकोज चवीसाठी नसते. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढले जाते. ही जोडी योग्य प्रमाणात असेल तरच काम होते. साखर फार झाली तर उलटा प्रकार होतो. शरीरातलेच पाणी आतड्यात उतरते आणि जुलाब वाढू शकतात. आता माझ्या खोक्याचा हिशेब पाहा. त्याच्या पाठीवर, अर्थात बारीक अक्षरांत, साखर छापली होती : दर १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम. म्हणजे लिटरला १२० ग्रॅम. सूत्रातल्या ग्लुकोजच्या जवळजवळ नऊ पट! आणि मी ते अडीच वर्षांच्या पोराला एकामागून एक आठ खोकी पाजत होते, आजीचे पेजेचे पातेले बाजूला सारून.

त्याच पुस्तकांत मला डॉ. दिलीप महालनबीस यांची हकीगत सापडली. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. सलाईनच्या बाटल्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत तयार करवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांकडेच दिले. त्यांच्या छावणीतले मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. त्या छावणीतल्या पिंपांवर कुठलेही लेबल नसणार. आयांनी मुलांना ते पाणी पाजले, कारण पाजा म्हणून सांगणारा माणूस खरे बोलत होता. त्या तीन अक्षरांना जो मान मिळाला आहे तो अशा रीतीने मिळाला आहे. आणि नेमका तोच मान उसना घेऊन कुणीतरी साखरेच्या सरबताच्या कपाळावर चिकटवला होता!

माझा संताप झाला. अर्थात पहिला संताप स्वतःवरच होता, पण दुसऱ्यावर राग काढणे सोपे असते. मी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, मागे छापलंय ते. वाचायला नको का?" मी कंपनीला ई-मेल लिहिला, आयुष्यातले पहिले इंग्रजी पत्र, शब्दकोश जवळ घेऊन लिहिलेले. चार दिवसांनी उत्तर आले. त्यात माझ्या भाच्याच्या प्रकृतीबद्दल सदिच्छा होत्या आणि असे म्हटले होते की वेष्टनावर आवश्यक ती सूचना नियमानुसार छापलेली आहे. मी नियम पाहिला. उत्तर खरे होते! देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एप्रिल २०२२ मध्ये अशा पेयांना हे नाव वापरण्यास मनाई केली होती. पण जुलै २०२२ मध्ये, 'हे शिफारस केलेले ओआरएस नव्हे' अशी सूचना छापण्याच्या अटीवर, व्यापारचिन्हात ते नाव वापरण्याची मुभा दिली होती. म्हणजे खोक्याच्या पुढच्या अंगाने ठळक अक्षरांत एक सांगायचे आणि मागच्या अंगाने बारीक अक्षरांत ते नाकारायचे. असे केले की ते खोटे राहत नाही. खोटे बोलणे आणि खरे लपवणे यांत फरक काय, असा प्रश्न तर्कशास्त्राच्या तासाला कधी निघाला नाही. तो मला या खोक्याने शिकवला.

तेव्हापासून मला लेबले वाचण्याचे वेडच लागले. आमच्या वाण्याने मला 'इन्स्पेक्टरीणबाई' असे नाव ठेवले आहे. मी दुकानात शिरले की तो म्हणतो, "आल्या! आता अर्धा तास गेला." पण काय सांगू, एकेक पुडा म्हणजे एकेक नाटकच असते. बिस्किटाच्या पुड्यावर गव्हाच्या सोनेरी ओंब्या काढलेल्या, आणि मागे घटकांच्या यादीत पहिला घटक 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर'. मी आधी त्याचे भाषांतर 'शुद्ध केलेले गव्हाचे पीठ' असे करून आईला खूश केले होते. तो म्हणजे आपला मैदा! यादीत जो घटक वजनाने सर्वांत जास्त, त्याचे नाव सर्वांत आधी लिहायचे असा नियम आहे. हे एकदा कळले की पुड्यावरचे चित्र पाहण्याची गरजच उरत नाही. 'ब्राऊन ब्रेड' घेऊन पाहावा, तर तपकिरी रंग कोंड्याचा असेलच असे नाही, कधी तो कॅरमेलचाही निघतो. ज्याला आपण आइस्क्रीम म्हणून चाखतो, त्याच्यावर कोपऱ्यात 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेले असते, म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल. आंब्याच्या पेयावर रसरशीत हापूस चिरलेला दिसतो. पण 'फ्रूट ड्रिंक' म्हणवून घ्यायला दहा टक्के फळ पुरते. उरलेल्या नव्वद टक्क्यांचे चित्र कुणी काढत नाही.

हे केवळ भोईवाड्यातल्या एका मुलीचे रडगाणे आहे असे कुणी समजू नये. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारला इंटरनेटवरच्या दुकानांना सांगावे लागले की दुधात घालायच्या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका, कारण अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाची गोष्टच नाही. आमच्या घरी ताईचे डोहाळजेवण झाले तेव्हा पाहुण्यांनी असले तीन डबे आणले होते! त्याच वर्षी जून महिन्यात, अर्कात पाणी मिसळून केलेल्या रसांवरचे 'शंभर टक्के फळांचा रस' हे शब्द काढून टाकण्याचा आदेश निघाला. म्हणजे ही दिशाभूल सरकारलाही दिसते. फक्त दिसायला वेळ लागतो, आणि तोवर कित्येक घरांत ती डबे उघडून बसलेली असते.

मला सर्वांत खुपली ती आणखी एक गोष्ट. अन्नपदार्थाच्या लेबलावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा, एवढाच नियम आहे. शिवाय दुसरी कुठली भाषा वापरायला हरकत नाही. पण सक्तीही नाही. २०२२ साली आपल्या राज्यात कायदा झाला की दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरे इतर कुठल्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत. त्यावर वाद झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पाट्या बदलल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. कॉलेजात आपण सर्वांनी त्याचा आनंद साजरा केला. मीही त्या दिवशी भाषण केले होते. पण दुकानाच्या आत शिरावे, एखादा पुडा उचलावा आणि त्यात काय आहे ते मराठीत शोधावे. ज्या बाईने आयुष्यभर मराठीत संसार केला, तिला आपल्या नातवाच्या पोटात काय जाते हे वाचण्यापुरती जागा त्या पुड्यावर सापडत नाही. पाटी आपली, माल मात्र आपल्याशी बोलत नाही.

आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना मी ही सगळी हकीगत सांगितली. सरांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ग्राहक एकटा असतो तेव्हा तो नेहमी उशिराच वाचतो." मग त्यांनी मला ग्राहक पंचायतीची माहिती दिली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या घरांनी एकत्र येऊन आपल्या महिन्याच्या सामानाची यादी करायची, माल घाऊक आणायचा, पारखायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, अशी तिची रीत. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ मध्ये आला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा झाला आणि तो जुलै २०२० पासून लागू आहे. म्हणजे कायदा होण्याच्या आधी माणसांनी एकमेकांच्या पिशव्यांत डोकावून पाहायला सुरुवात केली होती. मला ही गोष्ट फार धीर देणारी वाटली. आमच्या चाळीत बायका एकमेकींच्या पिशव्यांत पूर्वापार डोकावतच आल्या आहेत; त्याला एवढे मोठे नाव असेल याची कल्पना नव्हती.

आणि मग ऑक्टोबर आला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने आपली जुनी मुभा मागे घेतली. जे सूत्राप्रमाणे ओआरएस नाही, त्याच्या नावात ती तीन अक्षरे मागे-पुढे काहीही जोडून वापरता येणार नाहीत, असा आदेश निघाला. या आदेशामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांची सुमारे आठ वर्षांची धडपड होती. आठ वर्षे! मी बातमी वाचली तेव्हा कॉलेजच्या जिन्यात उभी होते. आनंद झालाच, पण आधी मनात आले ते असे, की मी पाचवी-सहावीत शिकत होते तेव्हापासून ही बाई त्या खोक्याच्या पाठीवरची अक्षरे लोकांना वाचून दाखवत होती, आणि माझ्यापर्यंत तिचा आवाज पोहोचला नव्हता.

घरी आल्यावर मी आजीला बातमी सांगितली. ती तांदूळ निवडत होती. तिने विचारले, "म्हणजे ते खोकं आता मिळणार नाय?"

"मिळेल. पण त्या नावाने नाही."

"मग नाव काढून टाकलं की लोक काय घेतील ते?"

"ते सरबतच समजून घेतील."

"हां," आजी म्हणाली, "मग हरकत नाय. सरबताला सरबत म्हटलं की झालं." आणि ती पुन्हा तांदळातले खडे शोधू लागली. मी तिला त्या रात्रीबद्दल अजून काही बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटले, "आजी, तू पेज म्हणत होतीस ती बरोबर होती. मी तुला नको ते बोलले." आजी म्हणाली, "तू तरी काय करशील गो, तुला वाटलं लिहिलंय म्हणजे खरं असेल. आम्हाला वाचता येत नाय, म्हणून आम्ही चाखून बघतो."

मला या बोलण्यावरून 'न वाचणारेच शहाणे' असा निष्कर्ष काढायचा नाही. आजीलाही तो मान्य होणार नाही. माझी फी भरायला तिनेच आपल्या पाटल्या मोडल्या. वाचता आले नसते तर खोक्याच्या पाठीवरची ओळ मला कधीच कळली नसती. पण मी वाचायला शिकले ते शाळेत, आणि शाळेतल्या पुस्तकात ठळक अक्षरांत असते ते महत्त्वाचे असते, बारीक अक्षरांत असते ते सोडून दिले तरी चालते. बाजारातल्या पुस्तकात नेमके उलटे आहे. आमच्या घरात ते पुस्तक उघडणारी मी पहिलीच. मला हे सांगायला घरात कुणी नव्हते, म्हणून ही किंमत पडली. आणि ती मला नव्हे, एका अडीच वर्षांच्या पोराला मोजावी लागली.

आता आमच्या फडताळात एका डब्यात ओआरएसची पाच पॅकेटे असतात. सरकारी दवाखान्यातून आणलेली, फुकट मिळालेली. चाळीत कुणाचे मूल आजारी पडले की बायका आमच्या दारात येतात. मी पॅकेट देते आणि त्यावरचे सगळे वाचून दाखवते, पुढचेही, मागचेही. ताई बदलापूरहून फोन करते आणि एखाद्या डब्यावरचे शब्द एकेक अक्षर करून मला सांगते, "एस, यू, जी..." मी म्हणते, "पुढचं कळलं. यादीत कितवं आहे ते बघ." आता तिला बरीचशी नावे स्वतःच ओळखू येतात आणि तिचे फोन कमी होऊ लागले आहेत.

दिवाळीत ती पोराला घेऊन आली होती. तो आता तीन वर्षांचा झाला, चांगला गुटगुटीत आहे. बाबांनी त्याला बिस्किटाचा पुडा दिला. तो त्याने हातात घेतला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ गंभीर चेहऱ्याने त्याच्याकडे पाहत राहिला. सगळे हसले. ताई म्हणाली, "माऊकडे बघून शिकलाय." त्याला अजून एकही अक्षर येत नाही. मग त्याने पुडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "वाच."

मी तो मागच्या बाजूने वाचायला सुरुवात केली.

— द्वितीय वर्ष, कला